हक्क सोडत नाही म्हणजे नाही!

कप आधी खाली ठेवा. मागच्या खेपेला ही गोष्ट सांगितली तेव्हा शेजारच्या वहिनींना चहाचा असा ठसका लागला की बोलायची सोय नाही, आणि वर मलाच बोल लावला. म्हणून आधीच सांगून टाकते. यात मी जिंकलेली आहे. साधीसुधी नाही, दणदणीत! पण त्या जिंकण्याच्या पोटातच माझी जी फजिती बसली होती ना, ती आजही आठवली की मी एकटीच कपाळावर हात मारून घेते.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी साल असेल. मी अड्याळची कुसुम, पवनीच्या कॉलेजातून नुकतीच बी.ए. झालेली. बी.ए. झालेली पोरगी म्हटलं की गावाला एकच दिसतं, हिचं लग्न राहिलंय. मला दिसत होतं बी.एड. मला शाळेत शिकवायचं होतं, बस! बाबा तसे वाईट नव्हते, पण त्यांनी अट घातली.

"हे पाय कुसुम, औंदा नंबर लागला तं शिक. नाही लागला तं बपेऱ्याचे पाहुणे बोलणी कराले येऊन राहिले. मंग मले काही सांगू नोको."

बपेरा! म्हणजे पार तुमसरच्या पलीकडे, मध्य प्रदेशच्या शिवेजवळ. मुलगा मी पाहिला नव्हता. त्याच्याबद्दल जो कोणी बोले तो एवढंच बोले की घरी म्हशी पुष्कळ आहेत. आता सांगा, मी इतिहासात पहिली आलेली बाई! म्हशींशी काय बोलणार होते?

भंडाऱ्याच्या त्या बी.एड. कॉलेजात तेव्हा नवे प्राचार्य आले होते, परदेशात शिकून आलेले. त्यांनी प्रवेशाचा अर्जच नव्यानं छापून घेतला होता. अर्ज भरायचा, आपल्या प्राध्यापकाकडून बंद पाकिटात शिफारसपत्र घ्यायचं आणि दोन्ही घेऊन ठरलेल्या दिवशी मुलाखतीला हजर व्हायचं. अर्जाच्या पहिल्या पानावर अगदी खाली एक ओळ होती : 'माझ्याविषयीचे शिफारसपत्र पाहण्याचा हक्क मी स्वखुशीने सोडत आहे.' त्याखाली सहीची जागा.

मी ओसरीवर बसून अर्ज मोठ्यानं वाचत होते. पलीकडे आत्याबाई तांदूळ निवडत होती. आत्याबाई म्हणजे बाबांची मोठी बहीण. महिन्यातले पंधरा दिवस आमच्याकडेच. तिला अक्षर येत नव्हतं, पण कान असे तिखट की चुलीवरचं दूध उतू जाण्याआधी हिला ऐकू येई.

"काय म्हणलंस? परत वाच बरं."

मी परत वाचलं.

"हक्क सोडतो? आन् सोखुशीनं? फेक थो कागद!"

"अगं आत्याबाई, हे पत्राचं आहे."

"कायचंही असो! तळ्याखालची बांधी माह्या बापाची. तलाठी म्हणला, बाई, अंगठा लावा, काही नाही, रीत हाय. लावला अंगठा. काय भेटलं मले? एक लुगडं! थेही पयल्याच धुण्यात इटलं!"

आता गंमत अशी की ती बांधी, म्हणजे ते धानाचं शेत, लागलं होतं बाबांच्या नावावर. आणि बाबा समोरच बसलेले! त्यांना एकदम खोकला आला. बैलांना पाणी दाखवतो म्हणून ते उठून गेले. बैल आत्ताच पाणी पिऊन आले होते.

आधी मी हसले. मग मात्र माझं डोकं चालायला लागलं, आणि माझं डोकं एकदा चाललं की थांबवणं कोणाच्या बापाच्यानं होत नाही. माझ्याबद्दल कोणीतरी लिहिणार, त्यावर माझं शिक्षण ठरणार, बपेरा ठरणार, म्हशी ठरणार. ते कागद सगळ्यांनी वाचायचे, फक्त मी नाही? काहून? मी काय कोणाचं चोरलंय?

पेन उचललं आणि ती ओळ खोडली. एकदा नाही, तीनदा! कागद फाटायचा तेवढा राहिला.

"शाबास माय!" आत्याबाई म्हणाली. मला वाटलं, लढाई मारली.

दुसऱ्या दिवशी एस.टी. धरून पवनीला गभने सरांकडे गेले. सर आम्हाला इतिहास शिकवायचे. माणूस असा कडक की त्यांच्या तासाला खोकला आला तर पोरं बाहेर जाऊन खोकून येत.

"सर, शिफारसपत्र पाहिजे होतं."

"देतो. पाकीट बंद करून देईन."

"सर, मी ते वाचणार आहे."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय करणार आहेस?"

"वाचणार आहे. मी हक्क सोडला नाही."

सर लालबुंद झाले. "इतकी वर्षं पोरं शिकवतो मी! कोणाची हिंमत झाली नाही असं बोलायची. माझ्यावर भरवसा नाही तुझा? मग जा, दुसऱ्या कोणाकडून लिहून घे. मी लिहीत नाही!"

सरांनी लिहिलं नाही तर संपलंच! डोळ्यांपुढून म्हशी जायला लागल्या. पण ही जीभ गप्प बसेल तर शपथ.

"भरवसा आहे म्हणूनच म्हणते सर. तोंडावर बोलायला तुम्ही कधी कोणाला भ्यालात? मग लिहिताना कायले लपायचं?"

आणि सरांना सगळं सांगून टाकलं. आत्याबाई, तलाठी, बांधी, अंगठा, लुगडं. सर ऐकत होते, पण राग काही उतरत नव्हता. तेवढ्यात आतून स्वयंपाकघरातून सरांच्या मिसेसचा आवाज आला.

"लिवा नं मंग! पोट्टी काय चुकीचं बोलून राहिली? आन् तुमच्या बहिणीची सही तुमी कशी घेतली, थेही लिवा त्याच्यात! तुमी तं लुगडंही नाही देलं!"

सरांनी मुकाट्यानं कागद ओढला. मग माझा अर्ज मागून घेतला, पुढून पाहिला, मागून पाहिला, चष्मा पुसला, परत मागून पाहिला. त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. मला वाटलं, राग असेल.

पाऊण तास लिहीत होते. मी समोर बसून त्यांच्या पेनाकडे बघत होते, पण उलटं अक्षर काही लागेना. लिहून झाल्यावर त्यांनी पाकीट चिकटवलं, मेणबत्तीवर लाख वितळवली आणि पाकिटावर पाच ठिकाणी मोहर मारली. पाच!

"घे. वाटेत फोडलंस तर अर्ज बाद. तसं छापलंय अर्जावर."

घरी आले तर आत्याबाईनं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं.

"हक्क आपला आन् टाळं त्याईचं? हे कोणता न्याव झाला वं? दे इकडं, चुलीच्या वाफेवर धरतो."

मी ते झडप घालून परत घेतलं. "आत्याबाई, चोरून नाही वाचायचं. भांडून वाचायचं! त्यांच्या समोर!"

काय ती माझी ऐट! तेव्हाच कोणीतरी मला धरून ते अर्जाचं पान नीट वाचायला लावलं असतं तर? पण जाऊ द्या. कोण लावणार?

आता पुढं ऐका. आत्याबाईनं ही गोष्ट अड्याळच्या बाजारात एकीला सांगितली. फक्त एकीला! भाजी घेता घेता! सकाळी गोष्ट अशी होती की भंडाऱ्याचं कॉलेज पोरींकडून हक्क सोडून घेते. मिरच्यांच्या ओळीतून ती मच्छीच्या ओळीत गेली तोवर हक्काच्या जागी वावर, म्हणजे शेत, आलं. आणि बाजार उठायच्या वेळेला कॉलेजचा साहेब तलाठ्याला घेऊन पोरींच्या नावच्या बांध्या मोजायला निघालासुद्धा होता!

संध्याकाळी ओसरीवर चार माणसं हजर. बाबांचा हात हातात घेऊन सांगून राहिले, "लय हिंमतीचे हा तुमी! पोरीचा हक्क सोडू नाही देला! असा बाप पायजे!"

बाबांची अवस्था काय सांगू! ज्या माणसानं स्वतः बहिणीचा अंगठा घेतला, त्याचा गावात सत्कार व्हायची वेळ आली. आणि ती बहीण दाराआड उभी राहून पदरात तोंड खुपसून हसतेय. बाबा नाही म्हणू शकेनात, हो म्हणू शकेनात. शेवटी "चालते, चालते" एवढंच म्हणाले आणि पुन्हा बैलांकडे गेले. त्या आठवड्यात आमचे बैल जेवढं पाणी प्यायले तेवढं जन्मात प्यायले नसतील.

चौथ्या दिवशी बपेऱ्याहून निरोप आला. जी पोट्टी साध्या पत्राचा हक्क सोडत नाही, ती आमच्या घरी येऊन सहा महिन्यांत वाटणी मागेल. आम्हाले नाही जमत.

मी ओसरीवर उडी मारली. म्हशी गेल्या! एका दमात सगळ्या गेल्या!

बाबा मात्र हसले नाहीत. "उड्या मारू नोको. हे पाहुणे गेले, आता थे कॉलेज राहिलं. बाजारभर तुह्या नावाचा डंका हाय. भंडाऱ्याहून तशीच वापस आलीस तं कोणी पाहुणा दारात येणार नाही आन् शाळाही भेटणार नाही. मंग जलमभर माह्यासंगं धान रोव."

हे ऐकल्यावर मात्र मी उडी आवरली. खरंच की! हसता हसता मी सगळी दारं लावून घेतली होती, एकच उघडं होतं. आणि त्या दारात मी भांडण घेऊन चालले होते. पहिल्यांदाच मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू, चांगलीच वाटली.

मुलाखतीला आत्याबाई सोबत आली. म्हणाली, "तू शिकलेली हाय. शिकलेल्याले लोक लवकर फसवतेत."

कॉलेजच्या ऑफिसात एक बारीकसे, शांत कारकून होते. त्यांनी अर्ज घेतला, पुढून पाहिला, मागून पाहिला. (सगळेच मागून बघत होते हो! मला काही सुचलं का तेव्हा?) मग पाकिटावर बोट ठेवून म्हणाले, "बाई, तुमचं हे पत्र..."

"माहीत आहे मला! फोडायचं नाही! पण मी हक्क सोडलेला नाही."

"तेच तर सांगतो, तुम्ही इथंच बसून..."

"मी इथं बसणार नाही. साहेबांशी बोलणार."

"अहो, ऐकून तर घ्या..."

"ऐकूनच घ्यायचं असतं तर अड्याळहून आले कशाला असते?"

कारकुनांनी आशेनं आत्याबाईकडे पाहिलं. आत्याबाई म्हणाली, "भाऊ, तुमी उगाच तोंड दुखवून राहिले. थे नाही आयकत." बिचाऱ्यांनी हात जोडले आणि माझे कागद साहेबांपुढं नेऊन ठेवून मला सगळ्यांच्या आधी आत पाठवलं. आत्याबाई खिडकीशी उभी राहिली.

आत प्राचार्य, आणि बाजूला केस पिकलेल्या एक प्राध्यापिका. प्राचार्यांनी विचारलं, "आपलं नाव?"

"कुसुम. आणि आधी माझं म्हणणं ऐकून घ्या."

मग जी मी सुटले! "साहेब, माझ्याविषयी लिहिलंय ते मलाच का दाखवत नाही? कोर्टात खुन्यालासुद्धा त्याच्यावरचा आरोप वाचून दाखवतात. मी तर फक्त बी.ए. केलंय!"

बाईंनी तोंडाला रुमाल लावला. प्राचार्य शांतपणे म्हणाले, "पण विद्यार्थी वाचणार हे कळलं तर शिक्षक खरं लिहील का? भिडेपोटी गोडच लिहील."

"जो तोंडावर खरं बोलत नाही, त्याचं पाठीमागचं खरं कशावरून मानायचं? पाठीमागं तर माणूस रागही काढतो. तो कोण तपासणार?"

"हं. आणि शिक्षकाला मोकळेपणा नको?"

"त्यांना मोकळेपणा पाहिजे, मला शिकायला पाहिजे! साहेब, तुम्ही आम्हाला मास्तरीण करणार ना? उद्या मी वर्गातल्या पोराला सांगू का, तुझं प्रगतीपुस्तक मी तुझ्या मामाला दाखवते, तू बघू नको? मग ते पोरगं सुधारायचं कसं?"

बाई हळूच म्हणाल्या, "सर, बरोबर बोलतेय ही." खिडकीतून आवाज आला, "बरोबरच हाय!"

प्राचार्यांनी टेबलावरचा चाकू उचलला, पाचही मोहरा एकेक करून फोडल्या आणि पत्र माझ्या पुढं केलं. "वाचा. मोठ्यानं वाचा."

जिंकले! काय सांगू तुम्हाला, त्या क्षणी मी जमिनीवर नव्हते. भंडारा जिल्हा माझ्या खाली होता! घसा साफ केला आणि आत्याबाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात वाचायला लागले.

'कुमारी कुसुम तीन वर्षे माझी विद्यार्थिनी होती. हे पत्र ती वाचणार आहे असे तिने मला तोंडावर सांगितले. त्यामुळे मला खोटी स्तुती करता आली नाही, आणि खरी स्तुती लपवताही आली नाही. दुसऱ्या वर्षी तिने भर वर्गात माझी एक चूक दाखवली. मला राग आला. घरी जाऊन पाहिले तर चूक माझीच होती. त्या दिवसापासून मी प्रत्येक तासाची तयारी करून वर्गात जातो. माझे शिकवणे तिच्यामुळे सुधारले, हे तिला मी कधी सांगितले नाही. आज सांगतो. हिला शिक्षिका करा. हिच्या वर्गातली मुले कोणाला भिणार नाहीत.'

गभने सर! ज्यांच्यापुढं आम्ही खोकायला भीत होतो, ते सर! डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी ते पुसलंही नाही. हक्क सोडला असता तर हे मला जन्मात कळलं नसतं. खिडकीत आत्याबाईही डोळे पुसत होती.

"पुढं आहे अजून," प्राचार्य म्हणाले.

मी नाक ओढलं आणि तोच आवाज चढवून पुढं वाचायला लागले.

'एक दोष मात्र आहे. कागद हातात आला की ही दोन ओळी वाचते आणि उरलेल्या ओळींशी भांडायला उठते. आपल्या अर्जाची मागची बाजू तिने अजून वाचलेली नाही. मी मुद्दाम सांगितले नाही. मुलाखतीपर्यंत तिने ती वाचली असेल, तर हा परिच्छेद मी मागे घेतो.'

वाचता वाचता माझा आवाज असा खाली खाली गेला की शेवटचं वाक्य मलाच ऐकू आलं नाही.

प्राचार्यांनी माझा अर्ज उलटा करून समोर ठेवला. मागं ठळक अक्षरांत छापलं होतं : 'जे उमेदवार हक्क सोडू इच्छित नाहीत त्यांनी पहिल्या पानावरील ओळ खोडून येथे सही करावी. त्यांचे पत्र मुलाखतीच्या दिवशी कार्यालयात फोडून त्यांना वाचावयास देण्यात येईल.' आणि त्याच्या खाली सही होती.

कोणाची? माझीच! पवनीची गाडी सुटेल म्हणून बाबांनी जिथं जिथं पेन्सिलीनं फुल्या मारल्या होत्या, तिथं तिथं मी धडाधड सह्या ठोकून मोकळी झाले होते. म्हणजे मी मागितलेला हक्क मी आधीच घेतलेला होता! कारकून तर बिचारे सकाळपासून पत्र फोडून माझ्या हातात द्यायला बसलेले! मी भांडत कोणाशी होते मग?

"अहो, मग मला थांबवलं का नाही?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

"थांबवणार होतो," प्राचार्य म्हणाले, "पण बोलत होतात ते इतकं बरोबर होतं की थांबवावंसं वाटेना. ते प्रगतीपुस्तकाचं मी पुढच्या वर्षी अर्जातच घालणार आहे. तुमचा प्रवेश पक्का. या कागदावर सही करा."

प्रवेश पक्का! कानात दुसरं काही शिरलंच नाही. बपेरा गेलं, रोवणं गेलं, मी मास्तरीण! कागद ओढला आणि झोकदार सही ठोकली, खाली दोन रेघा मारून.

"काय लिहिलंय त्यात?" प्राचार्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं. मग कागदाकडे पाहिलं. मी पत्र वाचत होते तेवढ्यात त्यांनी तो हातानं लिहून काढला होता : 'मी वर्षभर रोज प्रार्थनेनंतर कॉलेजचा सूचनाफलक पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सर्वांना मोठ्याने वाचून दाखवीन.'

वर्षभर वाचला हो! थंडीत वाचला, घसा बसला तेव्हा वाचला, 'सायकली ओळीने लावाव्यात' हे तर दोनशे वेळा वाचलं असेल, आणि खाली दीडशे पोरंपोरी दात काढून ऐकत उभी. भांडायला कितीतरी वेळा तोंड उघडलं मी. पण सही माझीच होती, आणि तीही दोन रेघा मारलेली.